चोथ्यावरची अळंबी

कॉफीच्या दुकानात शिरलं की तुम्ही-आम्ही काचेतल्या केककडे बघतो. ती आधी काउंटरमागच्या कचऱ्याच्या डब्यात डोकवायची. "चोथ्याचं काय करता तुम्ही?" हॅलो म्हणायच्याही आधी हे. मलाच मेलं लाजल्यासारखं व्हायचं.

सोलापूरची पोर. इकडे परदेशात लिमरिकला एमएससी करून एनिसला आमच्या गल्लीत भाड्याने राहायला आली. मी जेमतेम चाळिशीची, पण पहिल्या भेटीपासून मला काकू करून टाकलं. कॅफेंकडून वापरलेल्या कॉफीचा चोथा आणायचा, तो पिशव्यांत भरून त्यावर अळंबी वाढवायची आणि ती त्याच कॅफेंना विकायची, असं तिचं स्टार्टअप. ऑफिस म्हणजे माझ्या घरामागची शेड! संध्याकाळी बादल्या घेऊन यायची, अंगाला कॉफीचा वास, आणि जेवायला माझ्याकडेच.

"काकू, आपण कॉफीचा धंदाच बदलून टाकणार बघा."

"आधी हात धू," मी म्हणायचे.

व्हिसा संपत आला होता. पक्की गिऱ्हाइकं मिळाली तरच पुढे राहायची आशा होती. एका दुपारी ती नाचतच आली.

"काकू, सगळ्या कॅफेंना विचारलं, दर आठवड्याला अळंबी आणून देऊ का? सगळे म्हणाले, यू आर ग्रँड! आता पिशव्या दुप्पट करते."

इथे वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, अशा प्रश्नाला 'यू आर ग्रँड' म्हणजे गोड बोलून दिलेला नकार.

"अगं बाई, ते नको म्हणाले तुला."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. मग कसंनुसं हसली. "इथे 'हो' कसं म्हणतात हो काकू?"

तरी ती पुन्हा सगळीकडे जाऊन आली. चोथा सगळे आनंदाने द्यायचे, वर बिस्किटंही द्यायचे. अळंबी मात्र कुणालाच नको होती. तिने शिजवून चाखायला नेली, तरी नको.

व्हिसा संपून ती मायदेशी निघाली त्या सकाळी शेडमध्ये पिशव्या रांगेने टांगलेल्या होत्या आणि एकीलाही कोंब नव्हता. "थंडी फार झाली. आता नाही येणार काही," म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. मी वाटेत खायला डबा दिला, बस.

परवा, थंडी सरल्यावर, त्या पिशव्या फेकून द्यायला शेड उघडली. बघते तर पिशव्या दिसेनात, इतकी अळंबी फुटलेली! पांढरीशुभ्र, टवटवीत. मी तिथूनच तिला व्हिडिओ कॉल लावला. ती आता पुण्यात एका औषध कंपनीत लागली आहे.

"आजच खुडा काकू. उद्या मलूल होईल."

मग मीटिंग आहे म्हणाली आणि फोन ठेवला.

खुडली. पाटीभर निघाली. कांद्यावर परतली आणि एकटीच जेवायला बसले.