जोगळेकर काकूंनी दिलेला चौथा

भूत, करणी, चकवा... माझा कशावरही विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या सांगलीत तिठ्यावर कुणी उतारा ठेवला, की त्यातला नारळ घरी आणून चटणी करणारा माणूस मी. एकदा तर उताऱ्यातली अख्खी कोंबडी — जाऊ दे, संपादक कापतील. मी थापा मारतो हे गावाला माहीत आहे. पण जयपूरचा हा प्रसंग मी कुठेही फुगवलेला नाही. फार तर माकडं जरा मोठी केली असतील.

ऐंशीच्या दशकाचा मध्य, थंडीचे दिवस. मी, शऱ्या आणि मधू, कॉलेज संपवून पाठीवर सॅक टाकून निघालो होतो. ओंकारेश्वरचं बेट, उज्जैन, पुष्कर, मग जयपूर. सॅक तिघांच्याही होत्या, पण स्टोव्ह, पातेली आणि तांदूळ मधूच्या सॅकमध्ये. त्याला काहीही उचलायला सांगा, तो उचलायचा. ओंकारेश्वरला होडीत बसताना शऱ्या त्याला म्हणाला की वजन जास्त होतंय, तू पोहत ये... तर गडी खरंच बुटाच्या नाड्या सोडायला लागला. आम्ही इतके हसलो की नर्मदा काठाबाहेर आली.

जयपूरला मुक्काम आदर्श नगरात, जोगळेकरांकडे. काका बँकेत, बदलीवर तिकडे गेलेले आणि तिकडेच रमलेले. काकू मूळच्या मिरजेच्या, मधूच्या आईच्या ओळखीतल्या. आणि त्यांची एकुलती एक मुलगी, नीलिमा. मधूच्या आईने त्याला प्रवासाला सोडलं ते याच अटीवर — जयपूरला उतरायचं, मुलगी बघायची. मधूने पहिल्याच संध्याकाळी बघितली, आणि काकूंनी तीनदा वाढलेली आमटी कशाची होती हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. हात धुताना आम्हाला हळूच म्हणाला, "हिने नाही म्हटलं ना, तर मी लग्नच करणार नाही रे."

अशी वाक्यं मित्रांसमोर बोलायची नसतात.

रीतसर कांदेपोहे दुसऱ्या दिवशी दुपारी ठरले. सकाळी आम्ही डोंगरातल्या गलताजीच्या देवळांना जायला निघालो, तर काकू दारात आडव्या. तिघांनी मिळून बाहेर पडायचं नाही म्हणाल्या. तुळशीच्या कुंडीतला एक खडा उचलला आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकला. हा चौथा. अट एकच, परत आलात की उंबऱ्याबाहेर ठेवायचा. घरात आणायचा नाही.

"आईचं हे नेहमीचंय," नीलिमा म्हणाली. "मतलब, आम्ही तिघं पिक्चरला गेलो तरी चौथा पर्समध्ये असतो."

मधू तिच्याकडे बघून इतका गोड हसला, की शऱ्याने गल्लीच्या टोकालाच खड्याचं बारसं केलं. नाव ठेवलं मधुकरराव. खरा मधू म्हणजे आमचा हमाल, आणि खिशातला तो नवरामुलगा. गलत्याचा डोंगर चढताना आम्ही मधुकररावांना स्थळाबद्दल सल्ला विचारत होतो, त्यांच्या वतीने उत्तरं देत होतो. "मधुकरराव म्हणतात, मुलगी चांगली आहे, फक्त तो मागून येणारा घामट माणूस कोण?" मधू हसत होता. सुरुवातीला.

वर पोचल्यावर एका माकडाने — वासराएवढं होतं — मधूच्या हातातली शेंगदाण्यांची पुडी ओढून नेली. खाली कुंडांजवळ चहा सांगितला. चहावाल्याने चार कुल्हड आणले. आम्ही तिघेच आहोत म्हटलं, तर त्याने बाकाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे मान केली. "और ये भाईसाहब नहीं लेंगे?"

शऱ्याला वाटलं मी त्याला शिकवून ठेवलंय, मला वाटलं शऱ्याने. चौथा कुल्हड आम्ही थाटात मधुकररावांपुढे ठेवला. उठताना बघितलं तर तो रिकामा. मी म्हणतो मधू प्यायला. मधू नाही म्हणतो.

दुपारी परत आलो. काकू आत पोह्यांच्या गडबडीत. मधू मोरीत तोंड धुवायला, केस विंचरायला गेला. बैठकीत नवऱ्यामुलासाठी मोठी खुर्ची मांडली होती, पाठीला भरतकामाचा अभ्रा वगैरे. शऱ्याने माझ्या खिशातून खडा काढला आणि त्या खुर्चीवर नेऊन ठेवला.

काका आले. खुर्चीकडे बघून म्हणाले, "बसा, बसा, उठू नका." मग समोर बसून रिकाम्या खुर्चीला नोकरीचं विचारायला लागले. विचारायचे, थांबायचे, मान हलवायचे. नीलिमा ट्रे घेऊन आली, पहिली बशी खुर्चीसमोर ठेवली. काय माणसं आहेत, म्हटलं... आपल्यापेक्षा वरचढ निघाली! मी आणि शऱ्या एकमेकांच्या पोटात गुच्चे मारून हसू दाबत होतो. मधेच नीलिमाही हसली, खुर्चीकडे बघून, ओठांवर पदर धरून.

तेवढ्यात मधू दारात आला. भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट.

काकांनी मान वळवली. "हां भैया, कहिए?"

मधू हसला. "काका, मी मधू."

"अरे, मराठी आती है?" काकांना कौतुक वाटलं. "किसके यहाँ काम करते हो?"

मधू आमच्याकडे बघायला लागला. आता एकानेही तोंड उघडलं असतं तर भागलं असतं, हे मला आज कळतं. तेव्हा आम्हाला वाटत होतं की नाटक रंगलंय. शऱ्या गंभीर चेहरा करून म्हणाला, "हम तो नहीं जानते इनको." आणि मी — मी पोहे खात होतो.

काकू बाहेर आल्या. मधूला त्यांनी पाण्याचा पेला दिला, उंबऱ्याबाहेर बोट दाखवून. तिथे बसून प्या म्हणाल्या. आदल्या रात्री याच बाईने त्याला आग्रह करून वाढलं होतं. त्याने पेला घेतला नाही. सॅक उचलली, स्टोव्हसकट, आणि फाटकातून बाहेर पडला. नीलिमाने एकदाही तिकडे बघितलं नाही.

आता पुरे झालं म्हणून मी खुर्चीवरचा खडा उचलायला गेलो. खडा नव्हता. काकूंना विचारलं.

"चौथा ना?" त्या सहज म्हणाल्या. "तो काय, आत्ताच बाहेर गेला."

आम्ही स्टेशनवर धावलो. मधू भेटला, पण आमच्याशी बोलला नाही. सांगलीत त्याला सगळे ओळखत होते, आई, शेजारी, कुत्रीसुद्धा. फक्त आठवड्याभराने जोगळेकरांचा निरोप आला की मुलगा पसंत आहे. आई आनंदाने मधूला घेऊन जयपूरला गेली. दारात काकूंनी मधूकडे बघत विचारलं, "आणि मधुकरराव नाही आले?"

ते लग्न मोडलं. मधूने दुसरं केलं नाही.

खूप वर्षांनी बँकेच्या कामाने जयपूरला गेलो, तेव्हा नीलिमा भेटली. मानसरोवर कॉलनीत राहत होती, शाळेत शिकवत होती, एकटीच. मधुकररावांबद्दल बोलताना तिचा चेहरा अजून उजळायचा. चांगले होते म्हणाली, का आले नाहीत परत, कळलं नाही. मी विचारलं, त्या दिवशी ते असं काय बोलले होते, की तू हसलीस?

"काही नाही हो, गंमत करत होते," ती म्हणाली. "म्हणाले, आता दारात एक जण येईल, आणि हे माझे दोघं मित्र त्याला ओळख देणार नाहीत, बघा."

मी चहा तसाच ठेवून उठलो.

वाचकांपैकी कुणाला याचा उलगडा होत असेल तर मला नको, मधूला सांगा. सांगलीतच असतो. मी समोर आलो की माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "आपण कोण?"... आणि तो खरंच विचारतोय की मुद्दाम, हे मला आजवर कळलेलं नाही.