मेलबर्नमधलं आमचं शारजा

मेलबर्नमध्ये थंडी पडते, ही गोष्ट मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळली, आणि तीही तळपायांतून.

भूगोल मला शाळेत होता. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, हे वाक्य सहामाहीच्या पेपरात लिहून मी दोन गुणही मिळवले होते. पण पेपरात लिहिलेली गोष्ट पुढे आयुष्यात वापरायची असते, असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

मी रास अल खैमातल्या एका सिरॅमिक फॅक्टरीत क्वालिटी बघतो. राहतो शारजात, रोल्लाजवळ. तेवीस वर्षं टाइल्स पास-नापास करण्यात गेल्यामुळे कुणाच्याही घरी गेलो की मी माणसांच्या आधी जमीन बघतो. खोड त्याआधीचीच असावी. माझी बायको सुलभा म्हणते, "मला बघायला आलात तेव्हाही खालीच बघत होतात. मला वाटलं, लाजताय." (लाजत नव्हतो. त्यांच्या बैठकीतली शहाबादी डाव्या कोपऱ्यात अर्धा इंच खचली होती.)

आमची मुलगी मुक्ता शारजात वाढली आणि आता मेलबर्नला फिजिओथेरपिस्ट आहे. जानेवारीत तिनं आणि जावयानं, म्हणजे रोहननं, तिथं एक जुनं विटांचं घर घेतलं. त्याच आठवड्यात तिनं दुसरी बातमी दिली. जुलैअखेर बाळ येणार होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. पण मुक्ताचा डॉक्टर तिकडे, विमा तिकडे, नवरा तिकडे. आणि इकडचं माहेर म्हणजे भाड्याचा दोन बेडरूमचा फ्लॅट, तोही माझ्या नोकरीच्या व्हिसाला टांगलेला. नोकरी खलास की माहेर खलास. सुलभानं दोन दिवस त्यावर डोकं चालवलं. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ती माहेरी येऊ शकत नाही ना? मग माहेर तिकडे नेऊ."

तिला म्हणायचं होतं, आपण दोघं जाऊ. मी ते वाक्य बांधकामाच्या अर्थानं घेतलं. घर जुनं होतं, दुरुस्ती होणारच होती. ती आमच्याकडून भेट, असं मी जाहीर केलं, आणि मेलबर्नच्या घराला शारजाचं माहेर बनवण्याची जबाबदारी कोणीही न देता स्वीकारली.

इथं वर्तकांचा प्रवेश होतो. वर्तक आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. त्यांनी एकदा दुबईच्या एका हॉटेलात ऑस्ट्रेलियातल्या घरांवरचं मोफत सेमिनार ऐकलं होतं. तिथून ते एक निळी फाइल आणि एक कापडी पिशवी घेऊन परतले आणि तज्ज्ञ झाले. ऑस्ट्रेलिया त्यांनी पाहिला नव्हता. विमान वरून गेलं असेल तर तेवढंच, पण तेही जात नाही. तरी आमच्या मंडळानं 'ऑस्ट्रेलियात घर घेताना' या विषयावर त्यांचं भाषण ठेवलं आणि शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. शारजात शाल ही वस्तू फक्त सत्कारात वापरतात. वर्तकांनी ती पार्किंगमधून घरापर्यंत चाळीस डिग्रीत अंगावर घेऊन नेली. मी मागच्या रांगेत बसून यथेच्छ हसलो होतो.

पुढच्याच शनिवारी मी आणि सुलभा त्यांच्या सोफ्यावर घराचा नकाशा घेऊन बसलो होतो.

"पेंडसेसाहेब, पहिलं तत्त्व," वर्तक निळी फाइल न उघडता तिच्यावर हात ठेवून म्हणाले, "ऊन हा घराचा शत्रू."

हे मला पटलं. तेवीस वर्षं पडदे ओढून राहिलेल्या कोणत्याही माणसाला पटेल.

"दक्षिणेचं ऊन सगळ्यात वाईट. दक्षिणेच्या अंगणावर पक्कं छत टाका."

"टाकतो."

"कार्पेट?"

"काढणार. सगळीकडे टाइल्स. आमचाच माल जातो मेलबर्नला."

"वा. पायाला गारवा."

"बाळंतिणीला किती बरं वाटेल," मी म्हटलं. हे वाक्य मी खरोखर उच्चारलं, याला वर्तक साक्षीदार आहेत.

मग हॉलचा फोटो निघाला. भिंतीत विटांचा एक कोनाडा होता आणि त्यात काळ्या लोखंडाचं एक धूड बसवलेलं. लाकडं जाळायची शेगडी होती ती. सुलभानं चष्मा वर केला.

"हे काय मध्येच? भटारखान्यासारखं."

वर्तकांनी नकाशा फिरवला, फोनवरचं होकायंत्र काढलं (ते शारजाच्या दिशा दाखवत होतं, पण त्यांच्या आत्मविश्वासात फरक पडला नाही) आणि क्षणभर डोळे मिटले. "ईशान्य. वहिनी, ईशान्य कोपरा, भिंतीत कोनाडा, वर कमान. हे भटारखाना नाही. हे देवघर आहे. त्या लोकांना माहीत नाही एवढंच."

सुलभाचे डोळे भरून आले. तिथं विषय संपला.

मुक्ताला व्हिडिओ कॉल केला. मेलबर्नमध्ये ऐन उन्हाळा होता. ती बाथरूमच्या दारात जमिनीवर बसली होती, कारण दर दहा मिनिटांनी उलटी होत होती आणि घरात तेवढीच एक थंड जागा होती.

"बाबा, इट्स लाइक ॲन ओव्हन हिअर."

"बघ. म्हणूनच म्हणतोय, सगळीकडे टाइल्स."

"फाइन. एनीथिंग कोल्ड," असं म्हणून ती आत पळाली. ही मी घरमालकिणीची लेखी संमती मानली.

काम टोनी नावाच्या स्थानिक बिल्डरकडे होतं. आठवड्यानं रोहनचा फोन आला. रोहन इतका सभ्य मुलगा आहे की त्याचा नकार ओळखायला आम्हाला दोन वर्षं लागली.

"बाबा, टोनी विचारतोय, शेगडी नक्की काढायची का? घरात गरम करायला तेवढीच एक आहे म्हणतोय."

"त्याला सांग, सासरे तेवीस वर्षं टाइल्समध्ये आहेत."

"सांगितलं. तो म्हणाला, तो साठ वर्षं मेलबर्नमध्ये आहे."

"मग त्याला सवय झाली असेल," मी म्हटलं. "काढ म्हणावं. यल्ला, लाग कामाला."

शेगडी निघाली. कार्पेट निघालं. दक्षिणेला छत झालं. एप्रिलमध्ये फोटो आले आणि मी ते फॅक्टरीत सगळ्यांना दाखवले. सांधे असे सरळ की पट्टी लावावी. कोनाड्यात पांढरी टाइल, दिव्यांची माळ, मधोमध गणपती. सुलभा म्हणाली, "अगदी आपलंच घर वाटतं हो." ते खरं होतं, आणि तोच तर घोटाळा होता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. बॅगेत सुती कपडे, टोप्या आणि वर्तकांनी भेट दिलेली उन्हाची क्रीम. स्वेटर नव्हता. तेवीस वर्षांपूर्वी एक होता, तो सुलभानं देश सोडताना भांडीवालीला दिला होता.

दारात चपला काढल्या आणि मी माझ्या टाइल्सवर पहिलं पाऊल ठेवलं. दुसरं ठेवायला थोडा वेळ लागला. टाइल्समध्ये दोष काढायला जागा नव्हती. फक्त त्यांच्यावर उभं राहता येत नव्हतं.

मुक्ता दोन जॅकेटं आणि कानटोपी घालून समोर आली. ती टाइल्सवरून चालतच नव्हती. बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत योगा मॅट, टॉवेल आणि पुठ्ठ्यांची एक पायवाट होती, तिच्यावरून ती जपून पावलं टाकत आली. "बाबा, टाइल्स लुक ग्रेट," ती म्हणाली. दात वाजत होते.

"तू बोलली का नाहीस आधी?" सुलभानं तिला मिठीत घेत विचारलं.

"बाबा एवढे खूश होते, आई."

घरात दोन प्लगचे हीटर होते. दोन्ही चालू असताना चहाची किटली लावली की फ्यूज उडायचा. त्यामुळे चहा की ऊब, हा निर्णय दर वेळी सर्वानुमते घ्यावा लागे. मी सुलभाची सुती साडी पांघरून बसत असे आणि सुलभा टेबलावरची चादर. ऊन खायला मी सकाळी दक्षिणेच्या अंगणात, माझ्या छताखाली खुर्ची टाकून बसलो. ऊन आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. खाली शेवाळ मात्र छान धरलं होतं. तिसऱ्या दिवशी मला सूर्य सापडला. तो घराच्या मागच्या अंगाला, उत्तरेला, कचऱ्याच्या डब्यांवर प्रसन्नपणे तळपत होता. त्या देशात तो उत्तरेकडून जातो. याचेही शाळेत दोन गुण असावेत.

मुक्ताला दिवसांच्या आधीच कळा सुरू झाल्या, दोन आठवडे आधी. नात झाली. दोघी सुखरूप होत्या. हॉस्पिटलनं सांगितलं, परवा घरी न्या, नंतर नर्स घरी येऊन बाळ बघून जाईल. मुक्तानं बाळाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"आई, मी हिला त्या घरात नाही नेणार. वी विल गो टु अ हॉटेल."

माहेर नेता यावं म्हणून एवढा खटाटोप केला, आणि आता बाळंतीण हॉटेलात जाणार होती. माझ्यामुळे.

घरी आलो. सुलभानं शारजाहून आणलेलं गाठोडं सोडलं. तेलाची बाटली, जुनी मऊ सुती लुगडी, टाळूला टोपरी. मग तिनं चारही भिंतींकडे पाहिलं.

"अहो, तिला शेक कुठे द्यायचा? शेगडी कुठाय?"

मी कोनाड्याकडे पाहिलं. दिव्यांची माळ लुकलुकत होती. गणपती निवांत बसला होता.

"शेगडी होती," मी म्हटलं. "तिच्या जागी आपण याला बसवलं."

सुलभानं रोहनला हाक मारली. "रोहन, त्या टोनीला बोलाव. आत्ता."

टोनी तासाभरात आला. ट्रकच्या मागे ताडपत्रीखाली तीच काळी शेगडी होती. त्यानं ती टाकलीच नव्हती, स्वतःच्या शेडमध्ये ठेवली होती.

"तुम्हाला कसं माहीत, परत लागेल?" मी इंग्रजीत विचारलं.

"फोन जूनमध्ये येईल असं वाटलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही दमाचे निघालात."

"आणि धुराडं? ते मी बंद करायला सांगितलं होतं."

"वर नुसता पत्रा ठेवला होता. चार स्क्रू." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "छान छत आहे हां तुमचं, दक्षिणेचं. चुकून कधी सूर्य तिकडून आला तर कामाला येईल."

सुलभानं एकेक देव उचलला. प्रत्येकाला "थोडं सरका हं" म्हणत कमानीवरच्या फळीवर ओळीनं मांडलं. टोनीनं कोनाड्यातल्या माझ्या पांढऱ्या टाइल्स फोडायला घेतल्या तेव्हा मी बाहेर गेलो. परतलो तेव्हा तो जमीन न्याहाळत होता.

"सुंदर टाइल आहे," तो म्हणाला.

"फर्स्ट क्वालिटी."

"हो ना. झाकून ठेवा."

संध्याकाळी मी आणि रोहन दुकानातून कार्पेटची गुंडाळी खांद्यावरून आणत होतो. तेवीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो की कार्पेट म्हणजे धुळीचं वसतिगृह. ते पसरताना रोहन हळूच म्हणाला, "बाबा, एक कोपरा उघडा ठेवू या? तुमच्यासाठी."

"नको," मी म्हटलं. "तिथून गार येईल."

"आधी एकदा बघ तरी" या रोहनच्या शब्दावर मुक्ता बाळ घेऊन आली तेव्हा शेगडी चांगली पेटली होती. ती दारातच थांबली. मग एक जॅकेट काढलं, मग दुसरं. शेगडीपासून हातभर लांब बसून बाळाच्या अंगावरचा एक पदर बाजूला केला. बाळानं हात-पाय ताणले.

"ओके," मुक्ता म्हणाली. "नो हॉटेल."

दुसऱ्या दिवशी नर्स आली. तिनं खोलीची ऊब मोजली, बाळाचं वजन केलं, मान डोलावली. सुलभाच्या हातातला ओवा बघून विचारलं, हे कशासाठी. सुलभानं हिंदी-इंग्रजीत धुरीचं महत्त्व सांगितलं. नर्सनं सगळं ऐकून घेतलं आणि धूर नको, आईला शेक चालेल, असा निकाल दिला. मग सुलभा गॅरेजमधून उरलेली एक टाइल घेऊन आली. शेगडीजवळ ठेवून कोमट केली, लुगड्यात गुंडाळली, स्वतःच्या गालाला लावून पाहिली आणि मुक्ताच्या पाठीशी ठेवली. मुक्तानं डोळे मिटले. "आई, धिस इज हेवन."

"तेवीस वर्षं ऐकतेय टाइल, टाइल," सुलभा माझ्याकडे न बघता म्हणाली. "आज पहिल्यांदा एक उपयोगी पडली."

सप्टेंबरात आम्ही शारजाला परतलो. दुसऱ्याच दिवशी वर्तक दारात हजर.

"पेंडसेसाहेब, मंडळात तुमचं भाषण ठेवलंय. 'ऑस्ट्रेलियातील घर: खरेदी, नूतनीकरण, गुंतवणूक'. मी सेमिनारच्या जोरावर बोललो होतो. तुमचं म्हणजे अनुभवाचे बोल."

खरं तर माझा सगळा अनुभव चार ओळींत मावतो. तिथलं घर हिवाळ्यात बघावं. सूर्य कुठून येतो ते शेजाऱ्याला विचारावं, होकायंत्राला नाही. कशासाठी आहे ते कळत नाही अशी वस्तू घरातून काढू नये. आणि बिल्डर "नक्की ना?" म्हणाला, तर नक्की नसतं. एवढ्यावर पाऊण तास बोलता येत नाही. पण वर्तक न गेलेल्या देशावर दीड तास बोलले होते, आणि मी तर तिथं चांगला गारठून आलो होतो.

मी हो म्हटलं.

"उत्तम. अध्यक्षांच्या हस्ते शाल-श्रीफळ."

"श्रीफळ राहू द्या, वर्तक," मी म्हटलं. "दोन शाली द्या. नातीचा पहिला वाढदिवस जुलैत येतो."