पाठिंब्याची सही

मिरजेला आलेल्या माणसाला कशाला आलास म्हणून कुणी विचारत नाही. दवाखानेच इतके, की एसटीतून उतरलेली बाई पदर सावरत चालू लागली की बघणारा समजून जातो, हिचं कुणीतरी ॲडमिट आहे. समाजकार्याची पदवी घेतल्यावर मी समुपदेशनासाठी खोली घेतली ती याच कारणाने मिरजेत. सांगलीत एकटी बाई दिसली तर चार ठिकाणी जाब द्यावा लागतो. मिरजेत ‘रक्त तपासायला गेले होते’ एवढं पुरतं. माझी खोली तंबोरे करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानावर, माडीवर आहे. जिन्यात लाखेचा वास येतो. पाटी मी मुद्दाम लहान लावली आहे. येणाऱ्या बायका चपला हातात घेऊन वर येतात आणि आत, दाराआड ठेवतात, कारण आमच्याकडे चपलांवरूनही माणूस ओळखतात.

त्यातली एक वाळव्याकडची होती. घरी ऊस, सासरे पलटणीतून हवालदार होऊन परतलेले, नवरा सरहद्दीवर. पहिलं बाळ झालेलं, मुलगा, म्हणजे घरात आनंदीआनंद. आणि हिला त्या बाळाकडे बघवत नव्हतं. बाळंतपणानंतर काही बायकांना असं होतं, हे पुस्तकात आहे आणि त्यावर औषधही आहे. पण वाड्यावस्तीवर हे तोंडातून काढायची सोय नाही. माझ्यापुढेही तिने किती तरी वेळ पदराचं टोकच पिळलं, मग म्हणाली, “लेकराकडं बघितलं तरी आत कायच हलत न्हाई ओ. एकदा वाटलं, कालव्याच्या कडंला ठिवावं आन चालत सुटावं. मी आय न्हवं, राक्षीण हाय.”

मी तिला मिरजेतल्याच एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, घरी त्या रक्तवाढीच्या म्हणून गेल्या. ती दर आठवड्याला बाळ घेऊन यायची आणि बोलायची. बाळाला तिच्यापासून धोका नाही याची डॉक्टरीणबाईंनाही खात्री होती आणि मलाही. पुढे एके दिवशी जिना चढता चढताच तिने सांगितलं, की काल बाळ तिच्याकडे बघून हसलं आणि तीही हसली. सांगताना ती लाजली. मी त्या दिवशी घरी जाताना बासुंदी घेऊन गेले.

आता सरांबद्दल सांगते. सर म्हणजे साताऱ्यातले आमच्या क्षेत्रातले ज्येष्ठ. केसांना छान चांदी, आवाज मऊ, दर वाक्याला ‘बेटा’. त्यांचं स्वतःचं केंद्र आहे आणि भिंतीवर सत्काराच्या शाली घडी घालून काचेत ठेवल्या आहेत. आपल्याकडच्या केसेस कुणा अनुभवी माणसापुढे मांडाव्यात, चुकलं तर तो सांगतो, असं आम्हाला कॉलेजात शिकवलेलं. ते बरोबरच आहे. मी महिन्यातून एकदा साताऱ्याला जायचे आणि सरांपुढे माझं काम मांडायचे. हिचीही गोष्ट मांडली होती. ते डोळे मिटून ऐकायचे. मला वाटायचं, विचार करताहेत.

अशात सरकारी नियमांचा एक मसुदा आला. पदवीनंतर काही वर्षं कुणाही समुपदेशकाने किंवा समाजकार्यकर्त्याने स्वतंत्र बसायचं नाही, नोंदणी झालेल्या ज्येष्ठाच्या देखरेखीखालीच काम करायचं, नाहीतर परवाना नाही, असा प्रस्ताव. हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. मी सरळ सांगते, नियम हवेत असं माझंही मत होतं आणि आहे. आमच्याच रस्त्यावर एक गृहस्थ शनिवार-रविवारचा कोर्स करून बसलेत. त्यांच्या फ्लेक्सवर घटस्फोट, दारू, अभ्यासात लक्ष नसणे आणि बाहेरची बाधा, सगळं एकाच ओळीत. त्यांना कुणी लगाम घालत असेल तर मी आधी टाळ्या वाजवीन. पण मसुद्यात त्यांचं नाव-निशाण नव्हतं. ते समुपदेशक म्हणून मुळी नोंदलेलेच नाहीत, मग त्यांना काय धाड भरणार? लगाम आम्हाला, आणि दोरी कुणाच्या हाती, तर सरांसारख्यांच्या.

सरांनी मसुद्याच्या पाठिंब्यासाठी महाबळेश्वरला एक बैठक ठेवली. पावसाळ्यात तिथली हॉटेलं ओस असतात, हॉल सहज मिळतो. बाहेर धुकं इतकं की समोरची टॅक्सी दिसत नव्हती, आत सगळ्यांच्या छत्र्या गळत होत्या. साताऱ्या-सांगलीतले समुपदेशक, शाळांतल्या शिक्षिका, दोन-तीन संस्थावाले असा मेळा. मी तिसऱ्या रांगेत होते. सर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की नवशिक्यांच्या हाती माणसाचं मन देणं किती धोक्याचं आहे, ते एका उदाहरणावरून सांगतो. नाव घेणार नाही. गोपनीयता महत्त्वाची.

आणि त्यांनी माझ्या बाईची गोष्ट सुरू केली.

नाव घेतलं नाही, हे खरं. पण नवरा कुठल्या पलटणीत ते सांगितलं. सासरे हवालदार होते ते सांगितलं. गावच्या जत्रेत बगाड असतं, आणि जत्रेला सगळे गेले असताना ही बाळाला घेऊन घरी एकटी होती, तेही सांगितलं, गोष्टीला रंग यावा म्हणून. आमच्या मुलखात माणसाला नाव शेवटी लागतं. कुठल्या गावची, कुणाची, कुणाच्यात दिली, एवढं कळलं की नाव ज्याचं तो लावून घेतो. हे साताऱ्यात हयात काढलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं असं मी कशी मानू? शेवटी त्यांनी आवाज आणखी मऊ केला आणि कालव्याचं वाक्य सांगितलं. वर म्हणाले, “आणि आमच्या या तरुण ताईंनी काय केलं? बाळ त्याच बाईच्या मांडीवर ठेवून तिला घरी पाठवून दिलं.” हॉलभर ‘अरे अरे’ झालं.

मी उभी राहिले. म्हणाले की सर, हे इथे सांगायचं नव्हतं, आणि डॉक्टरांचा सल्ला घेतलेला होता हे तुम्ही गाळलंत. त्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं, कौतुकानेच, आणि सभेला म्हणाले, “बघा. अनुभव नसला की असा राग येतो.” लोक हसले. राग मला नेहमी येतो, मी काही गरीब गाय नाही, पण तो राग नव्हता. दुधाच्या पातेल्यात पाल दिसावी तसं झालं.

जेवणात मलईतल्या स्ट्रॉबेरी होत्या, बिनहंगामाच्या, बर्फातल्या. माझ्या मागच्या टेबलावर दोन शिक्षिकांचं कोडं सोडवणं चाललेलं. बगाड म्हणजे अमकं गाव की तमकं? पलटण अमकी, म्हणजे हवालदारांचं घर एकच. त्यातली एक म्हणाली, अगंबाई, ते तर आमच्या भावकीतलेच. तिने चमचा खाली ठेवला आणि पर्समधून मोबाइल काढला. मी जाऊन तिला हात जोडले, म्हणाले, बाई, कुणाला सांगू नका, त्या मुलीचं बाळ जाईल. ती म्हणाली, छे हो, मी कशाला सांगू. अशी माणसं ‘मी कशाला सांगू’ म्हणताना खोटंही बोलत नाहीत. त्यांना खरंच वाटतं की भावकीत सांगणं म्हणजे सांगणं नव्हे.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. तिच्या माहेरच्या नंबरवरून फोन आला. बाळाला कराडला नणंदेकडे नेलं होतं आणि हिला माहेरी पोचवलं होतं. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. सासूने ओटीही भरली म्हणे. ती फोनवर फार बोलली नाही. “दूध येतंय ओ ताई,” एवढंच म्हणाली. “सारखं येतंय. ब्लाउज भिजतोय. त्येला तिकडं डब्यातलं देत असत्याल.” जिच्या आत काही हलत नव्हतं ती ही बाई. महिनोन् महिने घालून तिथवर आणलेली.

मी गावी गेले. सासऱ्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, मान दिला. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावं लागतं. मी सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलायला दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि फोन मला परत केला. मग म्हणाले, “ताई, आमी पलटणीत हयात काढली. धोका हाय म्हणून वरनं सांगावा आला, तर धोका न्हाई हे बी वरनंच यायला पायजे. तुमी शिपाई मानसं. तुमच्या म्हन्यावर मी नातू कसा आनू?” मी म्हणाले, सरांनी तुमच्या सुनेला बघितलेलंसुद्धा नाही. ते म्हणाले, मोठ्या मानसाला बघायला लागत न्हाई. मसुदा अजून मसुदाच होता, पण त्या ओसरीवर तो केव्हाच लागू झालेला होता.

मग साताऱ्याला जाण्यावाचून इलाज नव्हता. सरांनी मला बसवलं, ‘बेटा’ म्हटलं, महाबळेश्वरचं काही मनात ठेवू नकोस म्हटलं. मी म्हणाले, मनात ठेवायला आले नाही, तुम्ही त्या घरी फोन करा आणि बाळ आईकडे द्या म्हणून सांगा. आग तुम्ही लावलीत, विझवा. त्यांना शब्द आवडला नसावा. त्यांनी टेबलावरचे कागद नीट केले आणि त्यातला एक माझ्यापुढे सरकवला. मसुद्याला पाठिंबा देणारं निवेदन होतं. खाली सगळ्या ज्येष्ठांच्या सह्या. सर म्हणाले, नव्या पिढीचं एकही नाव यावर नाही, तुझं असेल तर चांगलं दिसेल. मग पेनाचं टोपण काढत म्हणाले, हवालदारसाहेबांशी मी बोलेनच, त्याचा याच्याशी संबंध नाही.

संबंध नाही म्हणून सांगायची गरज पडते तेव्हा संबंध काय असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी तो कागद वाचला. स्वतंत्र बसणाऱ्या नवोदितांमुळे समाजाच्या मानसिक आरोग्याला धोका, वगैरे वगैरे. माझ्या खोलीला, माझ्या दोन मैत्रिणींच्या खोल्यांना, म्हसवडला बसणाऱ्या एका मुलीला, जिच्याशिवाय सगळ्या माण तालुक्यात बोलायला दुसरं माणूस नाही, कुलूप लावणारा कागद. आणि डोळ्यांपुढे तो भिजलेला ब्लाउज. मी सही केली. पेनही त्यांचंच होतं, आणि ते माझ्या हाताला चिकट लागलं. खरं तर पेनाला काही झालं नव्हतं.

मी सासऱ्यांचा नंबर दिला, सरांनी लगेच फोन लावला. पलीकडे घंटा वाजत असताना मला हळूच विचारलं, बाईचं नाव काय म्हणालीस? मी नाव सांगितलं. मग ते सासऱ्यांशी अस्सल गावरान ढंगात बोलले, “आवं हवालदारसाहेब, लेकरू आयपाशीच पायजे. मी सांगतो न्हवं,” आणि दोन मिनिटांत काम झालं. जे मी आणि डॉक्टरीणबाई घसा फोडून सांगत होतो, तेच वाक्य. दिवस मावळायच्या आत कराडहून बाळ आलं. पुढच्या आठवड्यात सासरे शाल-श्रीफळ घेऊन साताऱ्याला गेले आणि सरांचा सत्कार करून आले. फोटो मला सरांनीच पाठवला. निवेदनाची बातमीही छापून आली, त्यात ‘नव्या पिढीचाही पाठिंबा’ असं होतं. मैत्रिणींनी मला विचारलं, तू? मी काय सांगणार? कारण सांगायचं तर त्या बाईची गोष्ट सांगावी लागते. म्हसवडची मुलगी माझा फोन अजून घेत नाही.

मसुद्याचं पुढे काय होणार, ते मला ठाऊक नाही. तूर्त माझी खोली चालू आहे.

तीही पुन्हा येऊ लागली आहे. आता चोरून नाही, घरच्यांनी सांगून पाठवलेली, सासरे स्वतः मोटरसायकलवर सोडतात आणि खाली थांबतात. बाळ गुटगुटीत झालंय, तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र तोंडात घालतं, ती ते सोडवते आणि त्याचा मुका घेते. पहिल्या दिवशी आत आल्यावर तिने मला एवढंच विचारलं होतं, “ताई, मी हितं बोलीन ती तुमी सरांस्नी सांगनार काय?” मी म्हणाले, नाही, कधीच नाही. तिने मान हलवली. खरं मानलं की नाही, कळलं नाही.

तेव्हापासून मी विचारते, कशी आहेस. ती म्हणते, बरी हाय. झोप लागते का? लागती. मनात काही येतं का? न्हाई ताई, आता कायसुदिक येत न्हाई. खिडकीबाहेर बघत, अगदी शहाण्यासारखी बोलते. भर सभेत उभं राहून सांगितलं तरी चालेल, असंच सगळं.