पाचवीचा रस्सा

आमच्या घरात मुलगी झाली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. मुलगा झाला की भीती. माझ्या आधी आईला दोन मुलगे झाले होते. जन्मताना दोघेही गुटगुटीत. मग एकाने दुसऱ्या दिवशी दूध ओढायचं सोडलं, दुसऱ्याने तिसऱ्या. धापा टाकू लागले, निजले ते निजलेच. पाचवीची पूजा दोघांच्याही नशिबी आली नाही. आई म्हणायची, सटवाईच कोपली आपल्यावर.

म्हणून नर्सने "मुलगा झाला" म्हटलं तेव्हा मी रडायला लागले. तिला वाटलं आनंदाने. मी मनात दिवस मोजत होते, आज पहिला, उद्या दुसरा.

पहिलं बाळंतपण माहेरी, अंबरनाथला. आई दर थोड्या वेळाने पोराच्या नाकाशी बोट धरून बघायची. मी तिला हसायचे आणि ती वळली की स्वतःही बोट धरायचे. चौथा दिवस गेला. पाचव्या दिवशी पोरगं चुटूचुटू दूध पीत होतं. आईने पाटा-वरवंटा मांडून पूजा केली आणि दीड किलो मटण शिजवलं. आगऱ्याच्या घरची पाचवी, ती काय वरणभातावर होते?

पण मला मटण कधीच सोसलं नाही. मासळी नाही, डाळसुद्धा नाही. लहानपणापासून भात आणि भाजी, बस्स. त्यातलं काही पोटात गेलं की डोकं धरायचं, ओकारी यायची. घरात मला माळकरीण म्हणून चिडवायचे, आणि नाटकं करते म्हणून मी फटकेही खाल्ले आहेत.

"जेव गो बाय," आई म्हणाली. "तू नाय खाल्लास तर पोराला दूध कसा येल?"

एरवी मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. पण त्या दिवशी नाही म्हणायची हिंमत झाली नाही. माझ्या हट्टापायी पोराला काही झालं तर? दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तिने स्वतःच्या हाताने रस्सा भरवला आणि मी नाक दाबून गिळला.

सातव्या दिवशीच्या दुपारचं मला थोडंच आठवतं, आणि जे आठवतं त्याची आजही धडकी भरते. माझ्या मांडीवर एक पोर रडत होतं आणि ते कोणाचं हे मला कळेना. मी आईला म्हटलं, "ज्याचं आहे त्याला देऊन ये." मग उलट्या. आईने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. नवरा बदलापूरहून धावत आला, त्याने रिक्षात घातलं आणि उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या एका दवाखान्यात नेलं.

तिथे बाळंतवेड म्हणून गोळ्या देणारच होते. पण एका सिंधी डॉक्टरबाईंनी नवऱ्याला विचारलं, "ये मटन-दाल बचपनसे नहीं खाती क्या? और मायके में लडके गुजरे हैं?" तो चाटच पडला. त्यांनी रक्त काढलं. ते बर्फात ठेवून लॅबला न्यायचं होतं, तर नवऱ्याने खालच्या मासळीवालीकडून बर्फ मागून आणला. रक्तात अमोनिया निघाला, भरपूर.

नवरा अंबरनाथच्या केमिकल कंपनीत आहे. अमोनिया ऐकताच त्याने कपाळाला हात लावला. "माझ्या कपड्यांतून आला, मॅडम. मी तसाच बाळाला बघायला जायचो." हा अमोनिया बाहेरून येत नाही, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

मी शुद्धीवर आल्यावर बाईंनी मलाही समजावलं. डाळ, मटण, दूध पचलं की प्रत्येकाच्या अंगात हा अमोनिया तयार होतो. तो निकामी करून लघवीवाटे घालवायला एक जनुक लागतं. बायकांकडे त्याच्या दोन प्रती असतात, पुरुषाकडे एकच, आईकडून आलेली. माझी एक प्रत बिघडलेली होती, दुसरीवर मी कशीबशी भागवत होते, आणि माझ्या जिभेला ते डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. बाळंतपणाचा ताण आणि वरून रस्सा, तेवढ्याने तोल गेला.

"और बेटा?" मी विचारलं.

त्याचं रक्त सध्या ठीक होतं. पण बिघाड सौम्य असला तर तो पुढेही डोकं वर काढतो, वरचं खाणं सुरू झालं की, एखाद्या तापात, कधीही. खात्री जनुकाच्या तपासणीनेच होणार होती आणि तिला तीन आठवडे लागणार होते. माझी कोणती प्रत त्याच्याकडे गेली, चांगली की वाईट, एवढाच प्रश्न.

ते तीन आठवडे मी घाबरून काढले, दुसरा शब्द नाही. तो जरा जास्त झोपला की मी तळपायावर टिचकी मारून उठवायचे आणि तो किंचाळला की मला बरं वाटायचं. आईला मी यातलं निम्मंच सांगितलं होतं.

रिपोर्ट आला. चांगली प्रत. नवरा जिन्यातच बसून रडला. घरी येऊन मी आईला सगळं नीट सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली, पोराचे मुके घेतले आणि मग एकदम थांबली.

"म्हंजे माझ्या पोरांना पन तोच झाला व्हता?"

"हो आय."

"ते दूध वढत नव्हते. मी चमच्यानं घातला. तोंड मिटून घ्यायचे, तरी घातला." ती माझ्याकडे बघत होती. "दुधात पन तोच असतो काय गो?"

"नाय आय," मी म्हटलं. "दुधात काय नसतं."

"मग बरा," ती म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.