ड तुकडी

शीतल पैठणे वाचल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही करत नसे. तिचे वडील जालन्याहून मालाडला आले, नाल्याकाठी झोपडं बांधलं आणि ‘पक्कं घर मिळेल’ म्हणणाऱ्या एका माणसाच्या कागदावर अंगठा देऊन बसले. झोपडं गेलं, घर काही मिळालं नाही. तेव्हा नववीतल्या शीतलची शाळाही सुटली. आता ती अंधेरीच्या एका ऑफिसात साफसफाई करायची, नवरा धम्मपाल रिक्षा चालवायचा.

गरिबांच्या मुलांसाठी राखीव पंचवीस टक्क्यांच्या सोडतीत त्यांच्या मुलीला, चेतनाला, मोठ्या इंग्रजी शाळेत पहिलीला फुकट जागा मिळाली, तेव्हा धम्मपालने गल्लीभर पेढे वाटले. शीतलने तोंडसुद्धा गोड केलं नाही.

“फुकट देतात ना, मग कुठेतरी कापणार,” ती म्हणाली.

महिनाभरातच तिला खटकलं. अ, ब, क तुकड्यांची पोरं गाड्यांतून घरी जात. चेतनाच्या ड तुकडीच्या आया मात्र पायी यायच्या, पोळ्या लाटणाऱ्या, भाजी विकणाऱ्या. तिने वर्गाच्या बाईंना विचारलं, “मॅडम, ड मध्ये सगळी आमचीच मुलं कशी?”

“तसं काही नाही हो. कॉम्प्युटरने तुकड्या पाडल्यात.”

त्याच आठवड्यात अ तुकडीतल्या एका मुलाची आई, गंधाली, गेटवर तिच्याजवळ येऊन उभी राहिली. “तुमची मुलगी कुठल्या तुकडीत?”

शीतल उत्तर न देता निघून गेली. “चांगली असेल गं बाई,” रात्री हे ऐकून धम्मपाल म्हणाला.

“चांगली माणसं आधी नाव विचारतात. ही तुकडी विचारते.”

आठ दिवसांनी गंधालीने तिच्या हातात पाकीट दिलं. आत चारही तुकड्यांच्या याद्या होत्या. शीतलचा त्यांच्यावरही भरवसा बसला नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तिने शाळेच्या फळ्यावरची नावं पडताळली, मग सोडतीची यादी काढली. सोडतीतलं प्रत्येक मूल ड मध्ये होतं, बाकी कुठेच एकही नव्हतं.

“यात तुमचा काय फायदा?” तिने गंधालीला थेट विचारलं.

गंधालीने आजूबाजूला पाहिलं. “मीही सवलतीवरच शिकले. लग्नानंतर आडनाव बदललं, आता इथे कुणाला कळत नाही. तुम्ही तक्रारीचा अर्ज केलात, तर त्यावर माझं नाव नको हं.”

हे शीतलला लागलं. खरं बोलतेय की आपल्याला पुढे करून मजा बघतेय? पण याद्या खऱ्या होत्या. सात आयांना घेऊन ती शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली. तीनदा ‘उद्या या’ ऐकलं, चौथ्यांदा अर्जावर पोचेचा शिक्का घेऊनच उठली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तुकड्या नव्याने पडल्या. चेतना ब मध्ये गेली. पहिल्या दिवशी शीतलने खिडकीतून डोकावून पाहिलं. पोरीला मागच्या बाकावर टाकतील अशी तिची खात्री होती. चेतना मधल्या बाकावर बसून शेजारच्या मुलाशी खोडरबरावरून भांडत होती.

“मम्मी, तू जा ना,” ती म्हणाली.

शीतल आणखी पाच मिनिटं तिथेच उभी राहिली.