दोष पाण्याचा

बाटली हातात आली की राव आधी दुकानाच्या दारापर्यंत जात. तिथल्या उजेडात ती धरून एक डोळा मिटत, आतला मेलेला मासा फिरवून फिरवून पाहत, मग झाकण काढून पाणी हुंगत. एवढं झाल्यावर निकाल. निकाल दोनच होते. "दोष माझा" किंवा "दोष पाण्याचा". पहिला लागला तर गिऱ्हाइकाला तसाच दुसरा मासा मिळे. दुसरा लागला तर नुसतं "पावम" मिळे. पावम म्हणजे तमिळमध्ये बिचारा. बिचारा कोण, मासा की गिऱ्हाईक, हे राव कधी स्पष्ट करत नसत.

"दोष तुमचा" असा निकाल मात्र त्यांनी कधी दिला नाही. मग पाण्यात कुणी साबणाचा हात बुडवलेला असो, नाहीतर माशाला इडली चारलेली असो.

तंजावरकडच्या मराठी माणसाला मद्रासेत सरसकट राव म्हणतात, म्हणून मीही त्यांना रावच म्हणत असे. एग्मोर स्टेशनामागच्या एका गल्लीत त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं आणि त्याच्या पलीकडच्या गल्लीत आम्ही शेजारी होतो. एका आवारात ओळीने बांधलेल्या भाड्याच्या घरांना तिथे 'स्टोअर' म्हणतात. विहीर सगळ्यांची एक आणि भांडणंही सगळ्यांची. माझी पुण्याहून बदली झाली ती एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास. एकटाच होतो. ऑफिसात इंग्रजी, बाजारात मोडकं तमिळ, अशी दिवसभर जीभ शिणवून घरी यावं तर भिंतीपलीकडून कुणीतरी मराठी बोलतंय. पण कसलं मराठी! आमच्या पणजोबांनी पत्रात लिहिलं असेल तसलं, आणि त्याला तमिळचा हेल.

"पुणेंवाले, बसून बोला कीं. उभ्यानें बोललें तर मला थकवा येतो," हे त्यांचं पहिलं वाक्य. उभा मी होतो, थकवा त्यांना. पण पुढे पुढे मला ते पटायला लागलं. काही माणसं थकल्यासारखी दिसतात, राव थकूनच जन्माला आले असावेत.

घरात मासळीचा वास चालत नाही अशा कुटुंबातल्या माणसाने मासे विकायला घ्यावेत, याची गंमत त्यांच्या नातेवाइकांना पुरून उरली होती. तंजावरला कुणीतरी बातमी पोचवली की हा मद्रासेत मासे विकतो. झालं, एका चुलत्याने पंगतीला बोलावणं बंद केलं. त्यांची बायको, जिला आमच्या स्टोअरमधली सगळी लहानथोर माणसं मामी म्हणत, ती विचारणाऱ्याला सांगे, "ह्यांचा काचेचा व्यापार आहे." तेही काही खोटं नव्हतं. काचेच्या टाक्या होत्याच, त्यात पाणी होतं, आणि पाण्यात मासे होते एवढंच.

शेजारधर्म म्हणून मीही दोन गोल्डफिश घेतले. एक चार दिवसांत उताणा झाला. नियमाप्रमाणे तो त्याच्याच पाण्यात घालून दुकानात नेला. आता तुम्हीच सांगा, शेजारी म्हणून माणूस जरा सवलतीची आशा करणार की नाही? रावांनी एक डोळा मिटला, हुंगलं आणि म्हणाले, "दोष पाण्याचा. पावम."

"अहो, मी रोज पाणी बदलत होतो!"

"तेंच. रोज घर बदललें तर तुम्हीं जगाल काय?"

त्यांची विद्या फार मोठी होती असं मात्र समजू नका. निम्मा निकाल वासावर आणि निम्मा अंदाजावर असे, हे ते स्वतःच कबूल करत. पण एकदा तोंडातून निघालेला निकाल त्यांनी गिऱ्हाईक पाहून बदलला नाही. एकदा कुठलेसे बडे साहेब मोटारीतून आले, तेव्हाही दोष पाण्याचाच निघाला. आणि फुलं विकणारी एक बाई परकराच्या ओच्यात लपवून बाटली घेऊन आली, आपल्यालाच बोलणी बसणार म्हणून आधीच रडवेली, तेव्हा राव म्हणाले, "दोष माझा. आजारी मासा दिला मीं," आणि तिच्यापुढे हात जोडले. तिला काय करावं तेच कळेना.

पण "दोष माझा" फार वेळा म्हणावं लागे, आणि तिथेच सगळं दुखणं होतं. मासे कलकत्त्याहून रेल्वेने पत्र्याच्या डब्यांतून येत. एवढ्या प्रवासात अर्धमेले होत आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन उरलेलं मरण पुरं करत. दुकानात भांडवल होतं मामीच्या भावाचं. ते अधूनमधून येत, टाक्यांकडे पाहत आणि म्हणत, "भावोजी, पाटी लावा. विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं. सगळ्या दुकानांत असते." माणूस वाईट नव्हता. त्याचंही चुकत होतं असं मला कधी वाटलं नाही. राव नुसते "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत आणि पाटी काही लावत नसत.

मग ते ग्रहण आलं. एका सकाळी दुकान उघडायला जातात तो बाहेर रांग. प्रत्येकाच्या हातात बाटली, बरणी, तांब्या, आणि प्रत्येकात उताणा मासा. आधीच्या रात्री चंद्रग्रहण सुटलं होतं आणि सोवळ्या घरांतून रीतीप्रमाणे साठवणीचं सगळं पाणी ओतून टाकलं होतं. हंडे ओतले, घागरी ओतल्या, तशा माशांच्या टाक्याही. मग त्यात नळाचं ताजं पाणी. त्या दिवसांत पटकीच्या भीतीने नळाच्या पाण्यात औषध इतकं असे की कॉफीलाही त्याचा वास यायचा. मासे कसले टिकतात!

मला वाटलं, आज "दोष पाण्याचा" म्हणून म्हणून यांचा घसा बसणार. तर राव प्रत्येक बाटली पाहून म्हणत होते, "दोष माझा." दुपारपर्यंत टाक्या रिकाम्या झाल्या. मी विचारलं तर म्हणाले, "पंचांग माझ्या दुकानांत टांगलें आहे, पुणेंवाले. पाण्यांत दर्भ टाकला तर ग्रहण लागत नाहीं, पाणी ओतावें लागत नाहीं, हें लोणच्याच्या बरणीला माहीत आहे. माशाच्या टाकीविषयीं मीं कोणाला सांगितलें काय?"

मेहुण्यांनी मात्र या वेळी ऐकून घेतलं नाही. दोघांचं बोलणं मी भिंतीपलीकडून ऐकलं. ऐकायचं नव्हतं, पण त्या भिंतीला ते मान्य नव्हतं. राव म्हणत होते की कलकत्त्याचा माल बंद करतो, एंजल मासे घरीच वाढवतो, घरचे मासे असे मरायचे नाहीत, मग बदलून द्यायची वेळच येणार नाही. मेहुणे म्हणाले, "दीपावळीपर्यंत पाहतों. पिल्लें तयार झालीं तर तुमचा नियम तुम्हांला. नाहीं तर गल्ल्यावर मी बसेन आणि पाटी लागेल." ही बोली मामीला ठाऊक नव्हती. नवरा आणि भाऊ यांच्या मध्ये तिला कशाला ओढायचं, एवढ्यावर दोघांचं एकमत होतं.

परसात सिमेंटचं एक टाकं होतं. एंजलच्या पिल्लांना मद्रासचं जड पाणी सोसत नाही, म्हणून रावांनी मागच्या पावसाळ्यात छपरावरून धरून ठेवलेलं पाणी त्यात भरलं होतं. त्यात ती पिल्लं वाढत होती, आणि त्यांच्याबरोबर रावही जरा वाढत होते म्हणा ना. चालताना पाय उचलून टाकायला लागले होते. मामी सकाळी तुळशीला पाणी घातलं की टाक्याशी जाऊन बसे. या दोघांना मूलबाळ नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो आहे असं नाही, पण ती त्या पिल्लांशी जे बोलायची ते ऐकवत नसे.

दिवाळीच्या आधी सूर्यग्रहण आलं. या खेपेला राव तयार होते. सकाळपासून दर्भाची जुडी घेऊन ते मासे नेलेल्या गिऱ्हाइकांच्या घरोघर फिरले. "टाकींत टाका. पाणी ओतूं नका." प्रत्येक दारात तेच. शेवटची काडी दुकानाच्या टाकीत पडली आणि ग्रहण लागलं. ग्रहणात बाहेर फिरायचं नाही, म्हणून ते सुटेपर्यंत दुकानातच बसून राहिले. साऱ्या एग्मोरला दर्भ वाटणाऱ्या माणसाने आपल्या घरी एक काडी ठेवली नव्हती. मामीला सांगायचंही राहून गेलं होतं.

ग्रहण सुटलं. मामीने स्नान केलं, घरातलं सगळं पाणी ओतलं, मग परसात आली. टाक्यात दर्भ नाही, आणि मागच्या ग्रहणाचे मासे तिच्या लेखी रावांच्याच दोषाने मेलेले. तिने पिल्लं एकेक करून ओंजळीने बादलीत काढली, टाकं रिकामं करून घासलं, नळाच्या पाण्याने भरलं आणि पिल्लं परत त्यात सोडली. मी मागच्या दारातून पाहत होतो. पहिल्या ग्रहणाची रांग मला तेव्हा आठवायला हवी होती, पण नाही आठवली. उलट मला कौतुक वाटलं. "आम्ही स्नान केलें, मग त्यांनीं काय पाप केलें आहे?" ती माझ्याकडे पाहून हसली.

राव घरी आले तेव्हा उताण्या पिल्लांनी सगळं पाणी पांढरं झालं होतं. मामी टाक्याशी बसली होती. तिने तांब्यात एक पिल्लू घालून तो त्यांच्यापुढे धरला, गिऱ्हाइकं धरतात तसा.

"माझ्यानें झालें काय?"

राव तांब्या घेऊन उजेडात गेले. एक डोळा मिटला. हुंगलं. मी भिंतीशी उभा होतो आणि तिथपर्यंत मला त्या औषधाचा वास येत होता.

"दोष माझा," ते म्हणाले. "यांना आधींच रोग होता. पंख पाहा, गळाले आहेत. आज ना उद्यां जाणार होतीं."

"पाण्यानें नव्हे?"

"पाण्यानें नव्हे."

तिने पदराने तोंड पुसलं आणि उठून चुलीकडे गेली. रावांनी हात धुतले. मग भिंतीजवळ येऊन हळूच म्हणाले, "पुणेंवाले, तुम्हांला वासाचें कांहीं कळत नाहीं. खरें ना?" मी मान हलवली. त्यांच्याकडे पाहून मला फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं, ते मला अजून सांगता येत नाही.

दिवाळीनंतर गल्ल्यावर मेहुणे बसले आणि पाटी लागली, तमिळमध्ये आणि इंग्रजीत. राव टाक्या धुवायला राहिले. लोक बाटल्या घेऊन येतच. सवयीने राव त्या घेत, दारापर्यंत जात, पाहत, हुंगत. "दोष माझा," म्हणत आणि रिकाम्या हातांनी उभे राहत. गिऱ्हाईक पाटीकडे बोट दाखवून विचारी, मग याचा उपयोग काय? पुढे ते दुकानात जायचे बंद झाले. ओसरीवर बसत. मी ऑफिसातून आलो की "बसून बोला कीं" म्हणत आणि स्वतः गल्लीकडे पाहत बसत.

माझी बदली झाली. काही वर्षांनी ऑफिसच्या कामाने मद्रासला गेलो, तेव्हा स्टोअरमध्ये डोकावलो. राव गेल्याला बराच काळ लोटला होता. मामी थकली होती, पण तिने मला आवाजावरून ओळखलं. कॉफी केली. बोलता बोलता म्हणाली, "माझा भाऊ अजून म्हणतो, तुझ्या पाण्यानें मेलीं तीं पिल्लें. स्टोअरमधल्या बायकाही म्हणत. मी सगळ्यांना एकच सांगतें. मोटारीतून आलेल्या साहेबालाही ह्यांनीं खोटा निकाल दिला नाहीं. मग मला देतील काय?"

मी पेल्यातली कॉफी संपवली.

"तुम्हीं तर होतां त्या दिवशीं," ती म्हणाली. "सांगा कीं."

"नाही देणार, मामी," मी म्हटलं. "मी तिथेच उभा होतो."