माझे व्याही आणि बिडाचं इंजिन

खंडेनवमीला यंत्रापुढे हात जोडणारे गावोगाव भेटतात. वर्षभर जोडणारा माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. मुलीच्या लग्नात व्याहीभेटीला मी हार घेऊन मांडवात उभा, आणि हे मांडवामागे जनरेटरपाशी कान लावून बसलेले. बोलवायला गेलो तर म्हणाले, “एक ठोका चुकवून राह्यलं हे.” चारचौघांत झालेला तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. केळापूरला देवीच्या दर्शनाला नेलं, तर रांग सोडून रसवंतीच्या इंजिनाजवळ थांबले. एसटी घाट चढू लागली की हे सीटवर पुढे झुकतात, जणू गाडीला तेवढाच हातभार.

मी भंगाराच्या धंद्यात शून्यातून वर आलो. लोखंड मला किलोतच दिसतं. बाभुळगावकडची कापसाची एक बंद जिनिंग घासाघीस करून उचलली, त्यात आजोबांच्या काळातलं तेलावरचं इंजिन निघालं. माणसाहून उंच चाक, सगळं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. बीड घणानं फोडतात. घणवाले बोलावले, ट्रक लावला, आणि व्याही येऊन इंजिनाला टेकून उभे राहिले.

“इवाई, जित्तं हाय हे. एक डाव चालू होऊ द्या, मंग फोडा.”

माझा पारा चढला. फार वाईट शब्द ओठांवर आले होते. पण पडले मुलीचे सासरे. संध्याकाळपर्यंतची मुदत दिली.

त्यांनी गंज खरवडला, नळ्या फुंकल्या आणि इंजिनाच्या डोक्याखाली स्टोव्ह पेटवला. हे कशाला, विचारलं, तर म्हणाले, “डोकं लाल झाल्याबिगर हे कामच करत नाही. तुमच्यावानी हाय.” घणवाले हसले. मी नाही.

मग चाक झोकलं. पहिल्यांदा ते उलटंच फिरलं. ही जात अशीच, असं कौतुकानं म्हणत त्यांनी ते थांबवलं आणि पुन्हा झोकलं. धप, धप, धप. पायाखालची जमीन हलू लागली. मला जवळ ओढून त्यांनी समजावलं, की तेलाचा धक्का क्षणभराचा. पुढचा फेरा चाक आपल्या वजनावर निभावून नेतं, म्हणूनच ते एवढं जड ओतलेलं. वजन मी आयुष्यभर विकत घेत आलो. ते तिथे कुणी, कशासाठी ठेवलेलं असतं, हे त्या दिवशी कळलं.

उन्हं कलल्यावर त्यांनी स्वतःच तेल बंद केलं. चाक कितीतरी वेळ फिरत राहिलं. थांबलं, तेव्हा व्याह्यांनी दुपट्ट्याला हात पुसले.

“झालं, इवाई. फोडा आता.”

आणि मागे न बघता रस्त्याला लागले.

घणवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्यावरच खेकसलो, की बिडाचा भाव पडलाय, पडत्या भावात माल काढायला मी काय खुळा आहे? ट्रक रिकामा गेला.

तेव्हापासून व्याही अधूनमधून भाव विचारायला येतात. अजून पडलेलाच आहे, मी सांगतो. ते मान हलवतात, आणि गार चाकावर तळहात ठेवून उभे राहतात. हल्ली ते झोकण्याइतका त्यांचा खांदा चालत नाही. चढेल भाव कधीतरी, म्हणतात. मी म्हणतो, मले कायची घाई हाय?